रोबोकॉप (१९८७) घरी पुन्हा बघायचा असेल तर

केबलवर तुकड्यातुकड्यांत बघितलेला ‘रोबोकॉप’ आता डिस्कवर नीट बघायचा तर कोणती प्रत घ्यावी, आज तो जुनाट वाटेल का, आणि चौदा वर्षांच्या मुलाला सोबत बसवावं का, असं तुम्ही विचारलंय. मारल्या गेलेल्या पोलिसाचा यंत्रमानव करतात, त्याचा हा सिनेमा मी व्हिडिओ कॅसेट, केबल, डीव्हीडी, ब्लू-रे आणि फोर-के अशा सगळ्या वाटांनी बघितलाय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मुलाचं शेवटी.

प्रत घ्यायची तर अ‍ॅरो व्हिडिओ या ब्रिटिश कंपनीची. त्यांनी २०१९ मध्ये ब्लू-रे काढली, २०२२ मध्ये फोर-के. एमजीएम या स्टुडिओने २०१३ मध्ये मूळ निगेटिव्हवरून फोर-के रिस्टोरेशन केलं होतं आणि दिग्दर्शक पॉल व्हरहोवेन यांनी ते मान्य केलं होतं. अ‍ॅरोच्या प्रती त्यावरूनच आल्या. भारतात मागवताना एक गोष्ट सांभाळा. ब्लू-रेला रीजन असतो. आपला ‘सी’, अमेरिकेचा ‘ए’, ब्रिटनचा ‘बी’. बाहेरून आणलेली ब्लू-रे इथल्या प्लेयरवर अडू शकते. फोर-के डिस्कला हे बंधन नाही, म्हणून फोर-के प्लेयर असेल तर दुसरा विचार करू नका.

या संचात चित्रपटगृहात लागलेला कट आहे आणि दिग्दर्शकाचा कटही आहे. दोघांत जेमतेम एका मिनिटाचा फरक, पण त्या मिनिटाला इतिहास आहे. अमेरिकेत सेन्सॉरचं काम करणाऱ्या एमपीएए या चित्रपट उद्योगाच्याच संस्थेने सिनेमाला आधी ‘एक्स’ दिला, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. तो ठप्पा घेऊन मोठ्या चित्रपटगृहांत जाणं अशक्य, म्हणून पुन्हा पुन्हा कात्री लावून तो मंडळासमोर न्यावा लागला आणि अखेर ‘आर’ मिळाला. मुख्यतः तीन ठिकाणी कापाकापी झाली: मीटिंगमध्ये मरणारा तरुण अधिकारी, मर्फी या नायक पोलिसाचा खून आणि शेवटची पोलाद गिरणीतली झटापट.

व्हरहोवेन यांचं म्हणणं असं की कापल्याने हिंसा सौम्य झाली नाही, उलट क्रूर झाली. दोन्ही कट पाठोपाठ बघितल्यावर मला ते पटलं. कंपनीच्या मीटिंगमध्ये ईडी-२०९ हा यंत्रमानव दाखवायला आणतात. एका अधिकाऱ्याला त्याच्यावर पिस्तूल रोखायला सांगतात, मग यंत्रच ते टाकायला सांगतं. तो टाकतो. यंत्राला कळत नाही आणि ते गोळ्या झाडतं. दिग्दर्शकाच्या कटमध्ये ते झाडतच राहतं, माणूस मेल्यावरही, बघणाऱ्याला हे काय चाललंय असं वाटेपर्यंत. त्या लांबण्यातूनच यंत्राचा मूढपणा आणि बनवणाऱ्यांचा बेफिकीरपणा उघडा पडतो. छोट्या कटमध्ये उरतो फक्त एक खून. म्हणून पहिल्यांदा दिग्दर्शकाचाच कट लावा.

टीव्हीची एक सेटिंग आठवणीने बंद करा: मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित झालेला आहे आणि ईडी-२०९ च्या हालचाली फिल टिपेट यांच्या चमूने स्टॉप-मोशनने, म्हणजे छोटी प्रतिकृती एकेक फ्रेम हलवून केल्यात. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करू लागला की ते सगळं बिघडतं. ईडी ज्या शॉटमध्ये आहे तिथे दाणा, म्हणजे फिल्मचा खरबरीतपणा, जास्त दिसेल, तो दोष समजू नका. चित्रं एकमेकांवर चढवण्याच्या त्या काळच्या पद्धतीत तसंच व्हायचं. आवाजासाठी मूळ स्टिरिओ ट्रॅक निवडा. अ‍ॅटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी ऐकू येणारा नवा ट्रॅकही आहे, पण बॅसिल पोलेडूरिस यांच्या संगीतात वाद्यवृंदाबरोबर ऐरणीवरचे घाव वाजतात, ते मला जुन्या ट्रॅकवर जास्त ठसठशीत वाटतात.

आता जुनाट वाटेल का, याविषयी. त्यासाठी मी तो पहिल्यांदा कसा बघितला ते सांगावं लागेल.

आम्ही परळच्या चाळीत राहायचो. १९८९ च्या सुमारास मे महिन्याच्या सुट्टीत वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्याने आणायचे आणि सकाळपर्यंत तीन-चार सिनेमे काढायचे. तिसरी कॅसेट रोबोकॉपची होती. कॉपीवरून केलेली कॉपी, रंग उडालेले, खालून पांढऱ्या रेघा सरकतायत, मध्येच थांबवून कुणीतरी हेड पुसतोय. मी बारा-तेरा वर्षांचा. इंग्रजी फारसं कळत नव्हतं. कळलं ते इतकंच, की चांगल्या पोलिसाला गुंडांनी हाल करून मारलं, त्याचा लोखंडी पोलीस झाला आणि त्याने एकेकाला गाठलं. पुढे कित्येक वर्षं मला हा सूडाचाच सिनेमा वाटत होता.

एकच गोष्ट तेव्हा वेगळी लागली होती. मर्फीला मारतात ती जागा बंद पडलेली गिरणी आहे. टीव्हीसमोर बसलेल्या मोठ्या माणसांपैकी निम्मे १९८२ च्या संपात घरी बसलेले गिरणी कामगार होते, माझे वडीलही. गंजलेल्या सांगाड्यांकडे बघताना खोलीत कुणी बोललं नाही, हे मला अजून आठवतं. कथा डेट्रॉइटची असली तरी चित्रीकरण बरंचसं टेक्सासमधल्या डॅलसला झालं आणि पोलाद गिरणीची दृश्यं पेनसिल्व्हेनियातल्या मोनेसेन गावात. ती खरी, बंद पडलेली गिरणी होती. कुणी सेट उभारून ती उदासी आणलेली नाही.

पंचविशी ओलांडल्यावर डीव्हीडीवर सबटायटल लावून बघितला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा सिनेमा एका ऑफिसचा आहे.

ओम्नी कन्झ्युमर प्रॉडक्ट्स, ओसीपी, या कंपनीने शहराचं पोलीस खातं चालवायला घेतलंय. जुनं डेट्रॉइट पाडून तिथे डेल्टा सिटी उभारायची आहे. मीटिंगमध्ये माणसाच्या चिंधड्या झाल्यावर कंपनीचा म्हातारा प्रमुख कशाबद्दल नाराज होतो? या अपयशाने फक्त व्याजापोटी पाच कोटी डॉलर जातील म्हणून. डिक जोन्स हा वरचा अधिकारी पुढे उघड सांगतो की ईडी-२०९ ची लष्कराला विक्री ठरलेली होती, पंचवीस वर्षं सुटे भाग विकता आले असते, मग ते चालतं की नाही याची फिकीर कुणाला! रॉनी कॉक्स यांनी हे वाक्य संतापाने म्हटलंय, त्यात लाज कुठेच नाही. आरडाओरडा करणाऱ्या खलनायकापेक्षा मला हा माणूस भयंकर वाटतो.

आणि आता ते वाक्य, जे मी तीन वेळा बघूनही निसटू दिलं होतं. मर्फीची बदली सुरुवातीला शांत ठाण्यातून मेट्रो वेस्ट या धोक्याच्या ठाण्यात होते. आपल्याला वाटतं, नोकरीत बदल्या होतातच. पण बॉब मॉर्टन हा तरुण अधिकारी मीटिंगनंतर सहज सांगून जातो, की पोलीस खात्याची फेररचना करून योग्य उमेदवार जोखमीच्या हिशेबाने नेमून ठेवलेत. आता फक्त त्यातला एखादा मरायची वाट बघायची. म्हणजे मर्फी ड्यूटीवर मेला, हे खरं असूनही अर्धंच. त्याला मरण्याच्या जागी पाठवण्यात आलं होतं. पुढे डॉक्टर त्याचा एक हात वाचवतात, तर मॉर्टन तो कापायला सांगतो. पूर्ण शरीर बदलायचं ठरलं होतं ना? भरती होताना त्याने कागदांवर सह्या केल्यात, कायद्याने तो मेलेला आहे, आपण काहीही करू शकतो. हे संवाद मर्फीच्या डोळ्यांतून, वर खाली होणाऱ्या अंधुक चेहऱ्यांतून ऐकू येतात. कॅसेटवर तिथे नुसती मुंग्यांची खरखर होती.

याला जोडून पोलिसांच्या संपाचा धागा बघा. ठाण्यातले पोलीस संपावर जायचं म्हणतात आणि सार्जंट रीड खवळतो: आपण प्लंबर नाही, पोलीस आहोत, पोलीस संप करत नाहीत. तिकडच्या प्रेक्षकाला ही कल्पित भविष्यातली गोष्ट वाटली असेल. आम्ही मुंबईकरांनी एकाच वर्षी, १९८२ मध्ये, जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्या बंद होताना बघितल्या आणि ऑगस्टमध्ये खुद्द पोलिसांचा संप, त्यानंतर रस्त्यावर उतरलेलं लष्कर. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. खिडकीतून डोकावलो म्हणून आईने मागे ओढलं, एवढंच लक्षात आहे. म्हणून रीडचा तो प्रसंग मला हसून सोडता येत नाही.

या सगळ्यात मधूनमधून टीव्हीच्या बातम्या आणि जाहिराती येतात, त्या पुढे ढकलू नका. अंतराळातल्या लष्करी उपग्रहाचा चुकीचा मारा होऊन दोन माजी राष्ट्राध्यक्ष मरतात, आणि निवेदक हसऱ्या चेहऱ्याने पुढच्या बातमीकडे वळतात. घरी बसून अणुयुद्ध खेळायच्या खेळाची जाहिरात आहे, कृत्रिम हृदयांची आहे. लेखक एडवर्ड न्यूमायर आणि मायकल मायनर यांनी रेगन यांच्या काळातल्या अमेरिकेकडे बघून हे लिहिलं. व्हरहोवेन डच. त्यांचं बालपण हेग शहरात जर्मनांच्या ताब्यात आणि बॉम्बहल्ल्यांत गेलं. त्यांनी पटकथा आधी बाजूला टाकली होती, पत्नीने वाचून परत हातात दिली म्हणून हा सिनेमा झाला. मला वाटतं, बाहेरून आलेल्या माणसालाच ते निवेदकांचं हसू इतकं स्पष्ट दिसलं असावं.

पण तुम्हाला एकाच प्रसंगासाठी हा सिनेमा पुन्हा बघायला सांगायचं असेल, तर मी रिकाम्या घराचं नाव घेईन. रोबोकॉप आपल्या जुन्या पत्त्यावर जातो. घर विक्रीला आहे. पडद्यावरचा विक्रेता खोल्याखोल्यांतून घराचे गुण सांगत राहतो आणि याला मात्र प्रत्येक दारात बायको, मुलगा दिसतात. मुलाने टीव्हीवरच्या नायकासारखं पिस्तूल फिरवून दाखवायला सांगितलं होतं, ते फिरवणं त्याच्या हातात अजून शिल्लक आहे. शेवटी तो त्या बोलणाऱ्या पडद्यावर मूठ मारतो. पीटर वेलर यांचा इथे फक्त जबडा दिसतो. रॉब बॉटिन यांनी घडवलेला पोशाख इतका जड आणि तापणारा, की चालायचं कसं हे मोनी याकिम या मूकाभिनयाच्या शिक्षकाकडून शिकावं लागलं. आधी डोकं वळतं, मग खांदे, मग पाऊल. यंत्रासारखी शिस्तीची ही चाल या घरात येऊन अडखळते. नव्या प्रतीत हनुवटीची थरथर दिसते. आमच्या कॅसेटवर तिथे तोंडाच्या जागी करडा ठिपका होता.

पुढे गिरणीत तो ड्रिलने स्क्रू काढून शिरस्त्राण उतरवतो आणि सहकारी ल्यूइसला आपल्या कुटुंबाबद्दल विचारतो. ती सांगते, अंत्यविधीनंतर बायको दुसरीकडे निघून गेली. तो म्हणतो की ती माणसं मला जाणवतात, पण आठवत नाहीत. नॅन्सी अ‍ॅलन यांनी ल्यूइस साकारताना या ठिकाणी एकही शब्द वाढवलेला नाही, नुसती ऐकत उभी राहते. मग लहान बाळाच्या खाण्याच्या बाटल्या ठेवून ती त्याला नेम धरायला मदत करते. या दोघांमध्ये प्रेमप्रकरण घातलं नाही, याबद्दल मी लेखकांचा ऋणी आहे.

जुनं काय वाटेल? संगणकांचे पडदे, केसांची ठेवण, शेवटी उंचावरून पडणाऱ्या माणसाची लांब हातांची प्रतिकृती. तेवढंच. १९९० आणि १९९३ चे पुढचे भाग आणि २०१४ चा नवा अवतार मी एकेकदा बघितले, पुन्हा लावावेसे वाटले नाहीत.

मुलाबद्दल. चौदा वय कमी आहे असं माझं स्पष्ट मत. अमेरिकेतसुद्धा ‘आर’ म्हणजे सतराच्या आत असाल तर मोठ्यांसोबत. मी बाराव्या वर्षी मर्फीचा हात उडताना बघितला आणि कित्येक रात्री तो डोळ्यांसमोरून गेला नाही. त्या वयात मीटिंगचा, बदलीचा, सह्यांचा अर्थ लागत नाही, राहतं ते फक्त रक्त. अ‍ॅरोच्या संचात टीव्हीसाठी सौम्य केलेली आवृत्तीही आहे. ती दाखवावी असं मनात येईल, पण मला ती नको वाटते. त्यात माणसं मरतात आणि दुखल्यासारखं काही दिसत नाही. मुलाने हे शिकण्यापेक्षा सिनेमा उशिरा बघितलेला बरा. दोन-तीन वर्षं थांबा. तोवर एका निवांत रात्री तुम्ही एकट्याने बघा, आणि मॉर्टनचं ते नेमणुकीचं वाक्य पहिल्याच फेरीत तुमच्या कानावर पडलं का, ते इथे नक्की कळवा.