फोटो-व्हिडिओंचा मोठा संग्रह: फोल्डर की टॅग, आणि सॉफ्टवेअर बदलल्यावर टॅग टिकतात का?

फोल्डर फक्त वर्ष-महिन्याप्रमाणे ठेवावेत आणि बाकी सारी ओळख टॅगवर सोपवावी, कारण एकच फोटो ‘आजी’, ‘लग्न’ आणि ‘पाऊस’ या तिन्ही टॅगांखाली सापडू शकतो, मात्र फोल्डर त्याला एकच मिळतो.

टॅग टिकण्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. डिजिकॅमसारखे फोटो सांभाळणारे सॉफ्टवेअर टॅग स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते. मेटाडेटाच्या (फोटोविषयीच्या माहितीच्या) सेटिंगमध्ये टॅग फोटोच्या फाइलमध्येही लिहिण्याचा पर्याय चालू असेल, तरच ते फोटोसोबत दुसरीकडे जातात. जेपेगमध्ये ते आतच लिहिता येतात, तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो) आणि व्हिडिओंसाठी शेजारी वेगळी एक्सएमपी फाइल (टॅगसारखी माहिती ठेवणारी छोटी फाइल) ठेवणे अधिक सुरक्षित, कारण मूळ फाइलला हातच लागत नाही. मात्र अशा फाइलींची नावे किंवा जागा सॉफ्टवेअरमधूनच बदलावी. बाहेरून बदलल्यास जोडीदार फाइल मागे राहते आणि टॅग हरवल्यासारखे दिसतात.

‘सहल’ आणि ‘सहली’ असे दोन टॅग झाले की शोध अर्धवट निघतो, म्हणून शब्दांची यादी आधीच ठरवावी. सुरुवातीला शंभरेक फोटोंना टॅग लावून, त्यांची प्रत दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून टॅग दिसतात का, हे अवश्य पाहावे.