वाचकांचे प्रश्न : हॉटपॉटच्या टेबलावर आधी रस्सा ठरवावा

प्रश्न : आम्ही चौघे चीनमधील चेंगडू आणि चोंगचिंग ही शहरे पाहण्यासाठी जाणार आहोत. मी व माझे पती मासे, कोंबडी व मटण खातो, परंतु गोमांस आणि डुकराचे मांस खात नाही. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि मुलीला तिखट सोसत नाही. अशा कुटुंबाने हॉटपॉट खायला जावे का? गेल्यास काय मागवावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अवश्य जावे. मात्र काय शिजवायचे याचा विचार करण्याआधी ते कशात शिजणार आहे, याची चौकशी करावी. टेबलाच्या मधोमध उकळत्या रश्श्याचे भांडे ठेवलेले असते आणि कच्चे जिन्नस त्यात टाकून आपणच शिजवून घ्यायचे असतात, त्यामुळे त्या रश्श्यात जे असेल ते प्रत्येक घासाबरोबर पोटात जाते. चोंगचिंगचा प्रसिद्ध लाल रस्सा गुरांच्या चरबीत केलेला असतो. त्या चरबीत सुक्या मिरच्या, आले, लसूण, सिचुआन मिरी आणि वालाच्या जातीच्या दाण्यांची आंबवलेली तिखट पेस्ट परतलेली असते. म्हणजे त्यात नुसता बटाटा शिजवला तरी तो आपल्याला चालणार नाही. चेंगडूमध्ये वनस्पती तेलातला लाल रस्साही अनेक ठिकाणी मिळतो, तो आपण दोघांनी आवर्जून मागावा. पांढरा, बिनतिखट रस्सा पाहून निर्धास्त होऊ नये, कारण तो बहुधा डुकराची किंवा कोंबडीची हाडे उकळून केलेला असतो.

मधोमध पत्र्याची आडभिंत असलेले दोन कप्प्यांचे भांडे तेथे सर्रास मिळते. एका बाजूला तिखट आणि दुसऱ्या बाजूला टोमॅटोचा किंवा अळंब्यांचा सौम्य रस्सा घेतला की आपली मुलगी आनंदाने जेवेल. सासूबाईंसाठी मात्र ही सोय मी सुचवणार नाही. उकळी वाढली की रस्सा आडभिंतीवरून पलीकडे उडतो आणि एकाच झाऱ्याने दोन्हीकडचे जिन्नस काढले जातात. प्रत्येकाला वेगळे लहान भांडे देणारी रेस्टॉरंट्स असतात, तेथे जावे आणि त्यांच्यासाठी साधे पाणी, आले व अळंबी एवढेच घालून द्यायला सांगावे. अळंब्यांच्या तयार रश्श्यातही कोंबडीच्या अर्काची पावडर पुष्कळदा असते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण चरबी, हाडांचे पाणी आणि अशी पावडर यांना मांस मानले जाईलच असे नाही. म्हणून काय काय चालत नाही त्याची प्रत्येक पदार्थाच्या नावासह यादी चिनी लिपीत फोनमध्ये तयार ठेवावी आणि मागणी नोंदवण्यापूर्वी ती दाखवावी. असे विचारण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

भांडे ठरले की पुढचे सारे सुखाचे आहे. कमळकाकडीच्या चकत्या, बटाटा, टोफू, नाना प्रकारची अळंबी, समुद्री शेवाळाच्या पट्ट्या, रताळ्याच्या पिठाच्या चिवट शेवया आणि पालेभाज्या सगळीकडे मिळतात. पालेभाज्या तिखट बाजूला टाकू नयेत, त्या तेल शोषून घेतात आणि तोंड पोळते. बटाटा व शेवयांनी रस्सा दाट होतो, म्हणून त्या शेवटी घालाव्यात. मटणाच्या पातळ कापांचा लालपणा गेला की लगेच काढावेत, मात्र कोंबडी व मासे पूर्ण शिजू द्यावेत. कच्चे मांस उचलण्याच्या काड्या आणि खाण्याच्या काड्या वेगळ्या ठेवाव्यात, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. सोबत वाटीत तिळाचे तेल आणि ठेचलेला लसूण मिळतो. वाफाळता घास त्यात बुडवला की निवतो आणि तिखटाची धारही उतरते. लाल रस्सा पिण्यासाठी नसतो. तिखट लागलेच तर पाण्याने फारसे शमत नाही, थंड सोया दूध मागवावे.

प्रवासात बीजिंगला जाणे होणार असेल, तर तेथील हॉटपॉट आपल्या दोघांना अधिक सोयीचा वाटेल. कोळशावरच्या तांब्याच्या भांड्यात आले व कांद्याची पात घातलेले जवळजवळ साधे पाणी उकळत असते आणि त्यात मटणाचे काप शिजवून तिळाच्या दाट चटणीत बुडवून खातात. तेथील तोंगलायशुन हे १९०३ साली सुरू झालेले नामांकित रेस्टॉरंट मुस्लिम पद्धतीचे आहे, त्यामुळे डुकराच्या मांसाचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : चेंगडूला हॉटपॉट खाल्ल्यावर ओठ आणि जीभ बराच वेळ झिणझिणत होती. ही ॲलर्जी समजावी का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : केवळ झिणझिण्या असतील तर तो सिचुआन मिरीचा गुण आहे. आपल्या कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत घालतात ते तिरफळ याच मिरीच्या कुळातले असून, दोन्हींमध्ये बी काढून टाकून सालच वापरतात. या सालीतला सांशूल नावाचा घटक स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो. लंडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ओठांना ही जाणीव सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखी होते असे आढळले. मिरचीची आग वेगळी, हा स्पर्शाचा खेळ वेगळा, आणि दोन्ही एकत्र आल्यामुळेच त्या रश्श्याला त्याची खास चव येते. झिणझिण्या थोड्या वेळाने आपोआप ओसरतात. मात्र ओठ किंवा घसा सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तो मिरीचा गुण समजू नये आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावे. हॉटपॉटसोबतच्या वाटीत तीळ आणि शेंगदाणे पुष्कळदा असतात, तेव्हा यांपैकी कशाचे वावडे असल्यास ती वाटी दूरच ठेवावी.