हॅलोवीनमध्ये 'हॅलो' नाही आणि भूतही नाही

प्रश्न असा आहे: मुलगी सहावीत, इंग्लिशच्या वर्कशीटवर 'ऑटम हॉलिडेज' असं हेडिंग, खाली हॅलोवीन, बॉनफायर नाइट आणि थँक्सगिव्हिंग. तिने आईला विचारलं की हॅलोवीन म्हणजे भुतांना हॅलो म्हणायचा दिवस का गं? आणि आईचा प्रश्न वेगळा, हेडिंगचं मराठी 'शरद ऋतूतल्या सुट्ट्या' असं केलं तर चालेल का.

मुलीचा तर्क मला जाम आवडला. चूक आहे, पण अर्धा दोष आपल्या लिहिण्याचा. फोनवरचा हॅलो आणि सणातला हॅलो आपण देवनागरीत सारखेच लिहितो, इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत. सणातला 'हॅलो' हा जुन्या इंग्रजीतला, अर्थ संत किंवा पवित्र. 'होली' हा शब्द त्याचा सख्खा भाऊ. वसईकडच्या ख्रिस्ती घरात मराठीतून जी प्रार्थना म्हणतात, 'तुझे नाव पवित्र मानले जावो', तिथे इंग्रजीत आजही 'हॅलोड' असंच येतं. आणि शेवटचं 'ईन' म्हणजे ईव्हनिंगमधलं 'ईव्हन' झिजून झिजून उरलेलं, म्हणून जुन्या स्पेलिंगमध्ये मध्ये एक अपॉस्ट्रॉफी असायची, गळलेल्या अक्षराची खूण. म्हणजे पूर्ण नाव 'ऑल हॅलोज ईव्हन', सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. ख्रिसमस ईव्हमधला 'ईव्ह' तोच. हा शब्द म्हणताना जोर शेवटच्या 'ईन'वर द्यायचा, मुलीला एवढं नक्की सांगा.

आता गंमत बघा, ज्या दिवसाची ही आदली संध्याकाळ तो १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस बहुतेकांना माहीतही नसतो, आणि संध्याकाळच सण होऊन बसली. १ नोव्हेंबरही पहिल्यापासून नव्हता बरं का, रोममध्ये हुतात्म्यांचा दिवस आधी १३ मेला असायचा, नोव्हेंबरची तारीख आठव्या-नवव्या शतकात बसत गेली. त्याच तारखेच्या आसपास आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक लोकांचा 'साविन' असायचा, उन्हाळा संपून अंधारा अर्धा सुरू व्हायचा तो दिवस (आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नाव आजही तेच आहे). त्या रात्री पलीकडच्या जगाचं दार किलकिलं होतं ही समजूत तिकडची. चर्चने मुद्दाम साविनवर आपला दिवस आणून ठेवला असं बरेच जण छातीठोक सांगतात, मी तेवढं ठामपणे म्हणणार नाही, पण दोन्ही एकमेकांत मुरले हे खरं. तर भुतं आली ती चालीरीतीतून, शब्दात ती कुठेच नाहीत.

आपल्याकडे 'ही त्यांची सर्वपित्री' असं म्हणायची एक पद्धत पडली आहे. मला ते अर्धंच पटतं. सर्वपित्रीच्या जवळ जातो तो २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस. वसईत किंवा गोव्यात त्या दिवशी दफनभूमीत जाऊन बघा, कबरी साफ करून फुलं वाहिलेली, मेणबत्त्या लावलेल्या, घरची सगळी माणसं आलेली. मुखवटे नाहीत, आरडाओरडा नाही. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीला पितरांपेक्षा आपल्या शिमग्याची पोस्त जवळची. त्या रात्री पोरं दारोदार जाऊन म्हणतात त्या 'ट्रिक ऑर ट्रीट'चा अर्थही तोच की हो, खाऊ द्या नाहीतर खोडी काढतो! दारोदार जायची रीत जुनी आहे, इंग्लंडात मृतांसाठी प्रार्थना म्हणून त्या बदल्यात 'सोल केक' मागायचे, स्कॉटलंडात पोरं वेष बदलून फिरायची, पण हे तीन शब्दांचं पालुपद मात्र तरुण आहे, साधारण १९२० च्या आगेमागे कॅनडातल्या वर्तमानपत्रांत दिसायला लागतं. भोपळा कोरून आत दिवा ठेवायची रीतही नंतरची. आयर्लंड-स्कॉटलंडात सलगम कोरायचे, माणसं अमेरिकेत गेली, तिथे मोठे मऊ भोपळे मिळाले, सलगम कोरून हात दुखवून घेणार कोण. अशा कोरीव दिव्याचं 'जॅक-ओ-लँटर्न' हे नाव तर भोपळ्याच्याही आधीचं आहे, पहारेकऱ्याला म्हणायचे आणि दलदलीवर रात्री दिसणाऱ्या फसव्या उजेडालाही, ज्याच्या मागे गेलं की वाट चुकते. म्हणजे आपला चकवाच, फक्त हातात दिवा घेतलेला.

आता आईचा प्रश्न. 'सुट्ट्या' नको. हॅलोवीनला अमेरिकेत शाळा-ऑफिसं चालू असतात, बॉनफायर नाइटला इंग्लंडात सुट्टी नसते, तरी दोन्ही 'हॉलिडे'. कारण हा शब्द मुळात 'होली डे', पवित्र दिवस. त्या दिवशी काम बंद म्हणून मग सुट्टी हा अर्थ चिकटला, ब्रिटिश माणूस तर फिरायला गेला तरी 'ऑन हॉलिडे' म्हणतो, तिथे अमेरिकन 'व्हेकेशन' म्हणेल. वर्कशीटमध्ये अर्थ 'सण' आहे आणि आपल्याकडे हा शब्द आहेच की छान, संस्कृत 'क्षण' पासून आलेला. 'क्षण'चा एक अर्थ उत्सव असाही होता, मराठीने तो धरून ठेवला.

आणि 'शरद'ही जरा जपून. पंचांगात बरोबर, आश्विन-कार्तिक, पण शरद म्हटलं की आपल्याला कोजागिरीचं चांदणं आठवतं आणि दुपारी ऑक्टोबर हीट. त्यांचा ऑटम म्हणजे पानं गळणं, थंडी सुरू होणं, आणि आपली पानगळ असते शिशिरात. इंग्रजीतही या ऋतूच्या नावाचा घोळ झालेलाच आहे. आधी या ऋतूलाच 'हार्व्हेस्ट' म्हणायचे, जर्मनमध्ये अजून 'हेर्ब्स्ट' आहे. मग फ्रेंचमधून 'ऑटम' आला, सोळाव्या शतकात 'फॉल ऑफ द लीफ' म्हणजे पानांची गळ, त्यातला नुसता 'फॉल' अमेरिकेत टिकला आणि इंग्लंडात मागे पडला. मी असतो तर हेडिंग 'पानगळीच्या दिवसांतले सण' केलं असतं. बाईंनी लाल पेन चालवलं तर हा सगळा पॅरा दाखवा.

बॉनफायर नाइट ५ नोव्हेंबरची, १६०५ साली पार्लमेंट उडवायचा कट फसला त्याची आठवण. तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं आणि त्यांच्यावर पहारा देणारा गाय फॉक्स. त्याचा पुतळा जाळतात तो 'गाय', त्यावरून गबाळ्या कपड्यांतला माणूस तो गाय, आणि अमेरिकेत पोचेपर्यंत कुठलाही माणूस गाय. आपली पोरं दिवसभर 'गाइज, गाइज' करतात ते तिथून आलंय. आणि 'बॉनफायर'मधला 'बॉन' म्हणजे बोन, हाडं जाळायची शेकोटी.

थँक्सगिव्हिंग म्हणजे पीक घरात आल्याबद्दल आभार मानायचा सण. अमेरिकेचा, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. जोर 'गिव्ह'वर. कॅनडात ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, तिकडे थंडी लवकर, पीकही लवकर घरात येतं. १६२१ मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथला इंग्रज वसाहतवाले आणि तिथले मूळ रहिवासी वाम्पनोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले ती गोष्ट पुस्तकात असेलच. त्या वेळच्या पत्रात नव्वदेक पाहुण्यांचा आणि पाच हरणांचा उल्लेख आहे, पक्षीही आहेत, पण आज या सणाला भाजून खातात त्या टर्की पक्ष्याचं नाव नाही. दरवर्षीचा राष्ट्रीय दिवस लिंकनने १८६३ मध्ये केला, चौथा गुरुवार कायद्याने ठरला १९४१ मध्ये. आणि १९७० पासून प्लिमथलाच त्याच दिवशी मूळ रहिवासी शोकदिन पाळतात, हे वर्कशीटवर नसेल तर मुलीला तोंडी सांगा.

टर्की मात्र माझा लाडका शब्द. पक्षी पक्का अमेरिकेचा, इंग्रजांना वाटलं तुर्कांकडून आलाय. तुर्क त्याला म्हणतात 'हिंदी'. फ्रेंचांचा 'दँद', म्हणजे इंडियाचा. डच 'काल्कून', आपल्या कालिकतवरून. पोर्तुगीज म्हणतात 'पेरू', आणि हिंदी कोशात पेरू शोधलात तर तिथेही हाच पक्षी निघतो, त्यामुळे मुलीने उद्या वर्गात थँक्सगिव्हिंगला भाजलेला पेरू खातात असं सांगितलं तर मीठ-तिखट आठवू नका.