‘वयोअवलंबित्व प्रमाण’ की ‘वयाधारित अवलंबित्व गुणोत्तर’?

प्रश्न असा आहे : भारताच्या लोकसंख्येविषयीच्या एका लेखात ‘वयोअवलंबित्व प्रमाण ६५ टक्के’ असा उल्लेख आला आहे. हा शब्द बरोबर आहे का, ‘अवलंबित’ऐवजी ‘आश्रित’ किंवा ‘परावलंबी’ चालेल का, आणि हे प्रमाण घटत आहे असे सांगणारा लेख लगेच वृद्धांच्या वाढत्या भाराविषयी कसा बोलू लागतो?

या संज्ञेमागची कल्पना अगदी साधी आहे. लोकसंख्येचे वयानुसार तीन भाग करायचे, मुले आणि वृद्ध यांची बेरीज करायची आणि मधल्या वयोगटातील दर शंभर व्यक्तींमागे या दोन्ही टोकांच्या मिळून किती व्यक्ती आहेत ते काढायचे. २०११च्या जनगणनेनुसार भारतात शून्य ते चौदा वयाची मुले ३०.८ टक्के, पंधरा ते एकोणसाठ वयाच्या व्यक्ती ६०.३ टक्के आणि साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती ८.६ टक्के होत्या. पहिल्या आणि तिसऱ्या गटाच्या बेरजेला दुसऱ्या गटाने भागले की दर शंभरामागे सुमारे ६५ हा आकडा येतो, म्हणजे लेखातील आकडा बरोबर आहे. चूक आहे ती त्यापुढच्या ‘टक्के’ या शब्दात. ‘अवलंबित्व ६५ टक्के’ असे वाचल्यावर शंभरातील पासष्ट माणसे दुसऱ्यांवर अवलंबून आहेत असाच अर्थ कोणताही मराठी वाचक घेईल, आणि तो वस्तुस्थितीच्या जवळपासही नाही. कारण ६५ जण १०० जणांच्या बाहेरचे आहेत, त्यामुळे एकूण १६५ जणांतील ६५, म्हणजे जेमतेम ३९ टक्के, एवढाच त्यांचा वाटा आहे. म्हणूनच मी ‘प्रमाण’ हा शब्दही येथे टाळावा असे म्हणतो. रोजच्या मराठीत ‘प्रमाण’ म्हणजे एकूणातील हिस्सा, तर ‘गुणोत्तर’ म्हणजे दोन राशींची भागाकाराने केलेली तुलना, आणि ‘लिंग गुणोत्तर’ या संज्ञेमुळे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया मोजण्याची रीत वाचकांच्या चांगली परिचयाची आहे. त्याच धर्तीवर ‘अवलंबित्व गुणोत्तर दर शंभरामागे ६५’ असे लिहिल्यास गैरसमजाला जागा राहत नाही.

आता ‘वयोअवलंबित्व’. मूळ शब्द ‘वयस्’, म्हणून संस्कृत संधीनियमाप्रमाणे रूप ‘वयोऽवलंबित्व’ असे होईल आणि त्यातला ‘अ’ लोपेल. ‘वयोगट’, ‘वयोमान’ यांच्यात पुढे व्यंजन असल्याने ही अडचण येत नाही. परंतु व्याकरणापेक्षाही अर्थाची अडचण मला मोठी वाटते, कारण ‘वयोअवलंबित्व’ हा समास ‘वयावर अवलंबून असणे’ असाही सोडवता येतो. ‘वयाधारित अवलंबित्व’ म्हटल्यावर मात्र हे अवलंबित्व वयाच्या आधारे गृहीत धरलेले आहे, प्रत्यक्ष पाहून मोजलेले नाही, ही महत्त्वाची गोष्ट शब्दातच येते. ‘अवलंबित्व’ हे रूप शुद्ध आहे. मात्र ते ‘अवलंबित’पासून नव्हे, तर ‘अवलंबी’पासून, ‘स्वामी’पासून ‘स्वामित्व’ होते तसे, झाले आहे. ‘अवलंबिता’ हे रूपही याच रीतीने सिद्ध होते, पण ते ‘अवलंबित’चे स्त्रीलिंगी रूप म्हणूनही वाचले जाऊ शकते, म्हणून मी ते मागे ठेवीन.

‘आश्रित’ आणि ‘परावलंबी’ हे दोन्ही शब्द येथे मला पटत नाहीत. ‘आश्रित’ म्हटले की आश्रयदाता आला, उपकार आला. आपल्याच घरात वाढणारे मूल किंवा ज्यांनी ते घर उभे केले ती आजी त्या घराची आश्रित नसते. ‘परावलंबी’ हा तर ‘स्वावलंबी’च्या विरुद्ध उभा असलेला, दोष दाखवणारा शब्द आहे. धर्मशास्त्रातील ‘पोष्य’ हा शब्द या दृष्टीने किती नेमका होता! ज्याचे पोषण करणे हे आपले कर्तव्य आहे तो पोष्य, आणि त्यात मुलांबरोबर वृद्ध मातापितरांचाही समावेश असे. त्याच धातूतून आलेला ‘पोशिंदा’ शेतकऱ्याच्या संदर्भात आजही जिवंत आहे, ‘पोष्य’ मात्र व्यवहारातून गेला, त्यामुळे संज्ञेसाठी तो सुचवणे व्यवहार्य नाही. उरतो ‘अवलंबित’. मराठीत ‘धोरण अवलंबणे’ असाही प्रयोग असल्याने ‘अवलंबित’ म्हणजे ‘स्वीकारलेले’ असा दुसरा अर्थ संभवतो खरा, पण व्यक्तींच्या संदर्भात तो मनात येत नाही. शिवाय जनगणनेत काम न करणाऱ्यांची जी वर्गवारी होते, तिच्यात विद्यार्थी, घरकाम करणारे, निवृत्तिवेतनधारक यांच्यापासून वेगळा असा अवलंबितांचा एक वर्ग असतो. तो मर्यादित वर्ग आणि वयावरून काढलेले हे गुणोत्तर यांची गल्लत होऊ नये, यासाठीही ‘वयाधारित’ हे विशेषण आवश्यक आहे.

तिसरा प्रश्न शब्दाचा कमी आणि बेरजेचा अधिक आहे. १९७१मध्ये भारतात मुले सुमारे ४२ टक्के, वृद्ध सुमारे ६ टक्के आणि मधला वयोगट सुमारे ५२ टक्के होता, म्हणजे गुणोत्तर दर शंभरामागे ९२ होते. चाळीस वर्षांत ते ६५वर आले. ही सगळी घट मुलांच्या बाजूची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३मध्ये, एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले असा जननदर होता, तो २०१९-२१च्या पाचव्या फेरीत २.० झाला. जननदर असा दीर्घकाळ घटत आल्यामुळेच १९७१ ते २०११ या चाळीस वर्षांत दर शंभरामागे मुलांची संख्या ८१वरून ५१पर्यंत उतरली. वृद्धांची संख्या याच काळात चढत होती : सरकारी आकडेवारीनुसार १९६१मध्ये दर शंभरामागे १०.९ वृद्ध होते, २०११मध्ये १४.२ झाले आणि २०३१साठीचा अंदाज २०.१ आहे. दुसऱ्या शब्दांत, एका वृद्धामागे कामाच्या वयाची माणसे पूर्वी नऊ होती, नंतर सात झाली आणि आता पाचाकडे निघाली आहेत. उतरता आणि चढता असे दोन प्रवाह एकाच आकड्यात मिळवल्यावर उतरताच तेवढा दिसतो, म्हणून एकत्रित गुणोत्तर देताना त्याच वाक्यात ‘बाल-अवलंबित्व’ आणि ‘वृद्ध-अवलंबित्व’ वेगळे द्यावे, असा माझा आग्रह आहे. राज्यांची तुलना करताना तर त्यावाचून गत्यंतरच नाही, कारण २०११मध्ये बिहारची सुमारे ४० टक्के लोकसंख्या पंधरा वर्षांखालील होती, तर केरळात हा हिस्सा जेमतेम २३ टक्के होता आणि वृद्ध-अवलंबित्व मात्र देशात सर्वाधिक, १९.६ होते, महाराष्ट्र १५.७वर, म्हणजे देशाच्या सरासरीच्या पुढे होता. बिहारला शाळा हव्या आहेत आणि केरळला निवृत्तिवेतन व शुश्रूषेची सोय हवी आहे, हे एकत्रित आकडा सांगूच शकत नाही.

वयाची सीमा लिहिणेही तितकेच गरजेचे आहे. आपल्याकडील सरकारी अहवाल वृद्धत्व साठीपासून धरतात, आणि आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीचा २००७चा कायदाही साठच वर्षे मानतो. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत मात्र बहुधा पासष्ट ही सीमा असते. त्या सीमेने २०११चेच गुणोत्तर ६५ऐवजी ५७च्या आसपास येते, आणि दोन लेखांतले हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘घट झाली’ असे लिहिले जाण्याचा धोका असतो.

‘भार’ या शब्दाबद्दल माझी स्पष्ट हरकत आहे. २०११मध्ये ग्रामीण भारतातील साठीपुढचे ६६ टक्के पुरुष आणि २८ टक्के स्त्रिया काही ना काही आर्थिक काम करीत होत्या. शेतावर राबणाऱ्या अशा माणसांना केवळ वय झाले म्हणून भार म्हणणे अन्यायाचे आहे, आणि नातवंडे सांभाळून सुनेला नोकरीसाठी मोकळी करणारी आजी तर कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. याच कारणाने छेदस्थानी येणाऱ्या गटाला ‘कमावता वयोगट’ म्हणू नये, कारण त्यात महाविद्यालयात शिकणारे, नोकरीच्या शोधात असलेले आणि घरकामाचा मोबदला न मिळणाऱ्या कोट्यवधी स्त्रिया आहेत. ‘कार्यक्षम’चा रूढ अर्थ ‘उत्तम काम करणारा’ असा झाल्यामुळे तोही नको. ‘कामाच्या वयाचा गट’ हे पुरेसे आहे. लेखातील वाक्य मी असे लिहीन : ‘२०११मध्ये भारतात कामाच्या वयाच्या (१५ ते ५९) दर १०० व्यक्तींमागे वयाधारित अवलंबित्व गुणोत्तर ६५ होते, त्यांपैकी ५१ मुले आणि १४ वृद्ध होते.’