व्हिएन्नातला शेवटचा दिवस: कब्रस्तान की आउटलेट?

तुमचं परतीचं विमान रात्रीचं आहे. नवऱ्याला व्हिएन्नाच्या सेंट्रल कब्रस्तानात जाऊन संगीतकार बीथोवनची कबर बघायचीय आणि तुम्हाला पार्नडॉर्फच्या आउटलेटला, म्हणजे ब्रँडेड माल सवलतीत मिळणाऱ्या दुकानांत, राहिलेली खरेदी उरकायचीय, तर दिवस कशाला द्यावा, असं तुम्ही विचारलंय. नवऱ्याला द्या. का ते सांगते, कारण याच विषयावर मी नणंदेकडून आजही ऐकून घेते.

हे पुण्यात कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता रिटायर झालेत. अख्ख्या ट्रिपमध्ये मी म्हणेन तिथे आले. प्रागला काचेच्या दुकानांबाहेर पिशव्या सांभाळत उभे राहिले, एकदाही कुरकुर केली नाही. स्वतःसाठी एकच मागणं होतं, तेही बुकिंग करतानाच सांगून ठेवलेलं: व्हिएन्नात बोल्ट्झमन या भौतिकशास्त्रज्ञाच्या कबरीवर कोरलेलं समीकरण बघायचं. ते बरोबर शेवटच्या दिवसावर आलं. सकाळी वन्संचा व्हिडिओ कॉल. कुणाला काय आणायचं याची यादी सांगून झाल्यावर म्हणाल्या, "सुट्टीचा शेवटचा दिवस कुणी स्मशानात घालवतं का गं? दादाला काही कळत नाही, तुला तरी कळायला हवं." ह्यांनी ऐकलं. मला म्हणाले, "राहू दे, तुझी खरेदी करू." ते 'राहू दे' मला फार लागलं. मी म्हटलं, आपण जायचंय.

बॅगा हॉटेलातच ठेवल्या आणि श्वार्त्झेनबर्गप्लाट्झहून ७१ नंबरची ट्राम धरली. फाटक क्रमांक दोनला उतरायचं, तेच मुख्य. जागा अफाट आहे, साधारण अडीच चौरस किलोमीटर, आतमध्ये बस फिरते. १८७४ मध्ये हे सुरू झालं तेव्हा शहरापासून इतकं लांब की लोक नाकं मुरडायचे, म्हणून मग नामवंतांना इथे आणायला सुरुवात झाली. बीथोवन आणि शुबर्ट हे दोघे संगीतकार आधी व्हेरिंगच्या दफनभूमीत होते, १८८८ मध्ये इकडे हलवले. त्या दोघांच्या कबरी जवळजवळ आहेत, मध्ये मोझार्टचं नुसतं स्मारक. तुमच्या मिस्टरांना तिथे वेळ लागेल, घाई करू नका.

बोल्ट्झमन वेगळ्या भागात आहे. पांढरा अर्धपुतळा आणि वर कोरलेलं 'एस बरोबर के लॉग डब्ल्यू'. हे बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मी विचारलं, म्हणजे काय ते सांगा तरी. आणि ह्यांनी शिकवायला सुरुवात केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, डबा रोज मी भरून दिला, पण ह्यांना शिकवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. गरम चहा आपोआप गार होतो, गार चहा आपोआप गरम का होत नाही, इथून सुरुवात. उष्णता विखुरलेली असण्याच्या मांडण्या इतक्या प्रचंड संख्येने जास्त असतात की गोष्टी त्याच बाजूला जातात. डब्ल्यू म्हणजे त्या मांडण्यांची संख्या, एस म्हणजे एन्ट्रॉपी, म्हणजे विखुरलेपणाचं माप, आणि के हा एक ठरलेला आकडा. मध्येच थांबून "लक्षात येतंय?" असं विचारायचे, वर्गात विचारत असतील तसं. मला लक्षात येत होतं.

मग म्हणाले, या रूपात ते समीकरण लिहिलं प्लँक या दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने. मी म्हटलं, मग बोल्ट्झमनच्या कबरीवर कसं? तर म्हणे कल्पना त्याची. अणू खरोखर असतात हेच माखसारखे मोठे शास्त्रज्ञ मानत नव्हते तेव्हा हा माणूस भांडत राहिला. १९०६ मध्ये कुटुंबाबरोबर सुट्टीवर गेलेला असताना त्याने आत्महत्या केली. पुढच्या दोन-तीन वर्षांतच पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी अणूंबद्दलच्या शंका मिटवल्या. हे सांगताना ह्यांचा आवाज भरून आला होता.

वन्सं अजून म्हणतात, पोरांसाठी धड काही आणलं नाहीस. आणलीत ना, मोझार्टकुगेल नावाची गोल चॉकलेटं आणलीत, व्हिएन्नाच्या विमानतळावर मिळतात. ज्याने पंधरवडाभर तुमच्या पिशव्या उचलल्या त्याला एक दिवस मिळू नये, आणि पुण्यात बसलेल्यांच्या याद्या मात्र पुऱ्या व्हाव्यात, हे मला पटत नाही. आणि स्मशान म्हणून अपशकुन वगैरे तर अजिबात मनात आणू नका. तिथे मोठमोठी झाडं आहेत, माणसं निवांत फिरायला येतात.

आता तुमच्या खरेदीचं. नवऱ्याचा हट्ट रोजचाच असेल, आधीचे सगळे दिवस त्यांच्याच म्युझियमांत गेले असतील, तर माझं म्हणणं उलट लावा आणि खुशाल आउटलेटला जा. पार्नडॉर्फ शहराबाहेर आहे, जाण्यायेण्यात बराच वेळ जातो, दोन्ही एका दिवसात होणार नाही. खरेदीवर भरलेला कर परत घ्यायचा असेल तर एका दुकानातलं बिल ७५ युरोंच्या वर लागतं आणि विमानतळावर कस्टम्सचं काम असतं, त्यासाठी लवकर पोचा. डिसेंबरात जात असाल तर चारच्या सुमारास अंधारतं, कब्रस्तान सकाळी करा. आणि वार बघून घ्या. रविवार असेल तर दुकानं बंदच असतात.