विमान कंपन्यांच्या भागीदारीमुळे आंतरराष्ट्रीय तिकीट स्वस्त होतं की महाग?

दोन विमान कंपन्यांनी हातमिळवणी केली की आपल्या खिशावर काय परिणाम होतो, असं तुम्ही विचारलंय. तिकिटं काढून देणं हेच माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. आधी एकच गोष्ट बघा: त्या दोघी एकाच मार्गावर उडत होत्या, की एकीचा मार्ग संपतो तिथून दुसरीचा सुरू होत होता?

समजा लाइपझिगहून अमेरिकेतल्या डेस मॉइन्सला जायचंय. फ्रँकफर्टमार्गे शिकागोपर्यंत लुफ्थान्सा, पुढे युनायटेड. दोघी परक्या असत्या तर प्रत्येकीने आपल्या टप्प्यावर आपला नफा चढवला असता. आपल्या भाड्यापायी दुसरीचं गिऱ्हाईक तुटतंय, याची फिकीर कुणाला नसती. भाडं मिळून ठरवलं की हा दुहेरी बोजा कमी होतो. ब्रुकनर आणि व्हेलन या अर्थशास्त्रज्ञांच्या २००० सालच्या अभ्यासात भागीदार कंपन्यांची अशी जोडतिकिटं सुमारे २५ टक्के स्वस्त आढळली होती. छोट्या शहरातून छोट्या शहरात जाणाऱ्याला भागीदारीचा फायदा होतो तो इथे.

आता फक्त फ्रँकफर्ट ते शिकागो बघा. इथे दोघींची विमानं उडतात, म्हणजे त्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. त्यांनी भाडं मिळून ठरवलं तर स्पर्धाच संपली. १९९६ मध्ये अमेरिकी परिवहन खात्याने या दोघींना स्पर्धा कायद्यातून सूट दिली, म्हणजे भाडं मिळून ठरवायची मुभा दिली, तेव्हा फ्रँकफर्टहून शिकागो आणि वॉशिंग्टनला थेट जाणाऱ्या प्रवाशांची भाडी त्यातून वगळली, ती याच भीतीने. २०१० मध्ये ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन आणि आयबेरियाच्या कराराच्या वेळी युरोपीय आयोगानेही लंडनच्या विमानतळांवरचे काही स्लॉट (विमान उतरवण्या-उडवण्याच्या ठरलेल्या वेळा) प्रतिस्पर्ध्यांसाठी मोकळे करण्याचं वचन घेतलं. माझ्या मते हा पहारा हवाच. मोठ्या दोन शहरांमधला थेट प्रवासी सगळ्यात आधी भरडला जातो.

स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९), स्कायटीम (२०००) या विमान कंपन्यांच्या मोठ्या गटांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण नुसतं सदस्यत्व म्हणजे भाडं एकत्र ठरवणं नव्हे. ते होतं संयुक्त व्यवसाय करारात. तिथे ठरलेल्या मार्गांवरचं उत्पन्नच वाटून घेतात, त्यामुळे प्रवासी कुणाच्या विमानात बसला याने दोघींना फारसा फरक पडत नाही.

कोडशेअर याहून हलका प्रकार: विमान एक, फ्लाइट नंबर दोन. इथे जरा डोळे उघडे ठेवा. त्याच तारखेचं, त्याच वेळेचं, त्याच विमानातलं सीट दोन कंपन्यांच्या साइटवर वेगवेगळ्या भावाला दिसतं, कारण प्रत्येकीचे भाड्याचे वर्ग, म्हणजे सारख्याच सीटचे वेगवेगळ्या दराचे गट, वेगळे. एकीकडे स्वस्त वर्ग संपलेला असतो, दुसरीकडे शिल्लक असतो. मी आधी बारीक अक्षरातलं ‘ऑपरेटेड बाय’, म्हणजे विमान खरं कोण उडवतंय ते, वाचते, मग दोन्ही साइट उघडून भाव ताडून बघते. सामानाचे नियम आणि माइल्सही तिथेच तपासा, ते बदलू शकतात.

भाव बघताना एक मात्र करा: दोन सुटी तिकिटं जोडून स्वस्त पडत असली तरी पहिलं विमान उशिरा आल्यावर दुसरं तिकीट बुडालं तर किती जातील, तो आकडा शेजारी लिहून ठेवा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर चुकलेल्या विमानाऐवजी पुढच्यात बसवण्याची जबाबदारी कंपनीकडे असते.