९५ टक्क्यांची गोळी चुकते तेव्हा

तुझा प्रश्न वाचून हसू आलं, रागावू नकोस. डार्क सोल्स पूर्ण केलास, विचर ३ दोनदा संपवलास, दोन्ही मारधाडीचे ॲक्शन गेम, मग सेलमध्ये २०१२ चा 'एक्सकॉम: एनिमी अननोन' (परग्रहवाल्यांशी सैनिकांची तुकडी पाळीपाळीने लढवायचा गेम) घेतलास आणि "आपल्याला सोपं कशाला हवंय" म्हणून थेट क्लासिक या अवघड लेव्हलवर बसलास. चार दिवसांत अकरा सैनिक गेले. त्यात बसण्याची शक्यता ९५ टक्के दाखवलेली गोळी चुकली, आणि आधी सेव्ह केलेला खेळ परत लोड करून तीच गोळी चार वेळा मारलीस तर चारही वेळा चुकली. गेम फसवतो का, असं विचारलंयस.

फसवतो की. पण तुझ्या बाजूने, आणि तेही सोप्या लेव्हलवर. ईझी आणि नॉर्मलवर स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा तुझा नेम आतून थोडा जास्त धरतात. क्लासिकवर ही मेहेरबानी बंद. फायर एम्ब्लेम या अशाच पाळीपाळीच्या गेममालिकेवाले तर याच्या पुढचे. २००२ नंतरच्या त्यांच्या बऱ्याच भागांत वार बसला की नाही ते ठरवायला एकाऐवजी दोन आकडे चिठ्ठीसारखे काढून सरासरी घेतात. म्हणजे ९० दिसतं तिथे खरं ९८ च्या आसपास असतं आणि २० दिसतं तिथे जेमतेम ८. आपल्या डोक्यात ९० म्हणजे 'बसलीच' असतं ना, त्याची ही सोय.

लोड करून काही होत नाही कारण पुढचे आकडे सेव्हमध्येच ठरून बसलेले असतात. तीच चाल, तोच क्रम, तोच निकाल. आधी दुसऱ्याला गोळी मारायला लावलीस तर आकडा त्याच्या वाट्याला जाईल.

९५ ची गोष्ट मला गणपतीत कळली. चाकरमानी भावंडं आलेली, भजन आटपलं होतं, लाईट नेहमीप्रमाणे गेलेली. पडवीत लॅपटॉपच्या उजेडात सहाजण डोकी घालून बसलो होतो. सैनिकांना घरातल्यांची नावं दिली होती, हा माझा मूर्खपणा. मधल्या चुलतभावाच्या नावाची बाई (हो, बाईच, बदलायचा कंटाळा केला) अगदी शेजारच्या चौकोनातून ९५ वर चुकली आणि पुढच्याच पाळीत गेली. सगळ्यांनी एकदम "चीटिंग!" म्हणून ओरडा केला. काका माळेवरचा दिवा नीट करत होते, न वळताच म्हणाले, "पंच्याण्णव म्हणजे शंभर नाय रे मेल्यांनो." हिशोब करून बघ, ९५ च्या वीस गोळ्या मारल्यास तर त्यातली निदान एक चुकण्याची शक्यता ६४ टक्के येते. एका मोहिमेत वीस गोळ्या सहज होतात.

पण तुझे अकरा काही ९५ मुळे गेलेले नाहीत. डार्क सोल्समुळे गेलेत.

तिथे मरण जवळजवळ फुकट आहे. बोनफायरवर, म्हणजे मेल्यावर जिथून परत सुरू होतं त्या शेकोटीवर, उठलास की तोच सांगाडा त्याच वळणावर तशीच तलवार घेऊन उभा. दहाव्या वेळी तुला त्याचा हात उचलण्याआधी कळतं. तू पाठांतरावर जिंकतोस, आणि चुकलास तर रोल (कोलांटी) मारून सुटतोस, म्हणजे चूक झाल्यावर तिची भरपाई करतोस. एक्सकॉममध्ये मेलेला माणूस परत येत नाही, शत्रू कुठे बसलेत ते पाठ होत नाही, आणि रोल तर नाहीच. भरपाई चाल करण्याआधीच करून ठेवावी लागते.

आता नेमकं कुठे चुकतं ते सांगतो, कारण हे प्रत्येकजण करतो. शत्रू टोळीटोळीने असतात आणि तू दिसेपर्यंत स्वस्थ असतात. दिसलास की त्यांना तिथल्या तिथे एक फुकट चाल मिळते, धावत जाऊन आडोसा धरतात. तुझ्या चौघांपैकी तिघांनी चाली वापरल्यात, समोर सामसूम. चौथा मोकळा आहे म्हणून तू त्याला लांबवर पळवतोस, त्या झाडापलीकडे काय आहे बघूया म्हणून. झाडापलीकडे तीन सेक्टॉइड, म्हणजे सुरुवातीचे परग्रहवाले शत्रू. आता तुझ्याकडे एकही चाल शिल्लक नाही, आणि पाळी त्यांची.

ओहोटीला खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जातोस ना? लांबच्या वाळूवर आधी जातो आपण, पाणी उतरत असताना. भरती लागायच्या वेळी काठाकडे असतो. इथेही तेच. नवी जागा उघडायची ती पाळीच्या पहिल्या माणसाने, म्हणजे काही निघालं तर तिघांच्या चाली हातात असतात. शेवटच्याने पुढे जायचं नाही, मागे येऊन ओव्हरवॉचवर, म्हणजे शत्रू हलला की गोळी मारायच्या पहाऱ्यावर, बसायचं. डार्क सोल्समध्ये स्टॅमिनाची (दमाची) पट्टी कधी पूर्ण रिकामी करत नव्हतास, एका रोलपुरती ठेवायचास. ती सवय तुझ्यात आहेच, फक्त इथे वापरत नाहीयेस.

दुसरं म्हणजे ग्रेनेड जपून ठेवू नकोस. नव्या सैनिकाचा नेम ६५, अर्ध्या आडोशाचे २० वजा, उरले ४५, आणि पूर्ण आडोशामागे २५. नाणं उडवण्यापेक्षा वाईट. ग्रेनेड चुकतच नाही, ३ नुकसान करतो, आणि क्लासिकवर सेक्टॉइडचा जीव ३ च असतो. आडोसाही बहुधा उडतो. मग मेलेल्या शत्रूच्या शस्त्रांचे उपयोगी तुकडे हाती लागत नाहीत हे खरं, पण पहिल्या महिन्यात तुकड्यांपेक्षा माणसं महाग.

बाकी "ॲक्शन वेगळं, टॅक्टिकल (डावपेचांचं) वेगळं" हे फार मनावर घेऊ नकोस. डायब्लो हा गाजलेला ॲक्शन गेम आधी पाळीपाळीने खेळायचा गेम म्हणूनच बनत होता. तो बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेव्हिकने नाखुशीनेच एका दुपारी कोड बदलून तो पळता केला. त्याचे जमिनीचे चौकोनसुद्धा १९९४ च्या जुन्या एक्स-कॉमच्या स्क्रीनशॉटवरून घेतलेले होते.

नशिबाचा राग जात नसेल तर मध्ये 'इन्टू द ब्रीच' खेळ, २०१८ चा. आठ बाय आठचा पट, तुझे तीन यांत्रिक पुतळे, आणि शत्रू, म्हणजे राक्षसी किडे, कुठे मारणार ते गेम आधीच दाखवतो. तुझा वार कधीच चुकत नाही. गंमत मारण्यात नाहीच, ढकलण्यात आहे. एक किडा इमारतीवर थुंकणार असतो. त्याला एक घर सरकवलास की ती थुंकी शेजारच्या किड्यावर पडते. मागे पाणी असेल तर उडणारे आणि त्यांचे म्होरके सोडून बाकीचे बुडूनच मरतात. एका पाळीला मी चहा गार होईपर्यंत बसलोय. जुन्या लॅपटॉपवर चालतो, डाउनलोडही छोटासाच.

तेव्हा एक्सकॉम नॉर्मलवर नव्याने सुरू कर, लाज कसली. बाल्डर्स गेट ३ चंही विचारलंयस. सुंदर आहे, पण जागाच दीडशे जीबी मागतो, आणि आपल्याकडच्या मोबाइल नेटवर तो उतरेपर्यंत आंबे पिकून संपतील. तू विकत घे, आणि शिमग्याला मुंबईहून जो कोणी येणार असेल त्याला हार्ड डिस्कवर फाइल्स कॉपी करून आणायला सांग.